दीड मिनिटाचे संगीत लिहिताना

फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी रचना दाखवायला येणारे विद्यार्थी साधारणपणे दोन वाटांनी आलेले असतात. काहींनी चर्चच्या संगीतशाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन गिरवलेले असते, तर काहींनी गुरुजींच्या ओसरीवर पेटी, तबला आणि ख्याल. दोघांनाही मी पहिल्या दिवशी एकच काम देतो: व्हायोलिनसाठी दीड मिनिटाचे काहीतरी लिहून आणा. आठवड्याने दोघेही दीड मिनिटात न मावणारे काहीतरी घेऊन येतात. पहिला आधी प्रस्तावना लिहितो, मग मुख्य धून, मग तीच धून दुसऱ्या पट्टीत, मग पुन्हा मूळ पट्टीत, आणि हे सगळे गाडी चुकू नये म्हणून धावणाऱ्या माणसासारखे. दुसरा षड्जावर निवांत आलाप सुरू करतो आणि गंधारापाशी पोचतो न पोचतो तोच त्याची वेळ संपते. दोघांच्याही डोक्यात मोठ्या रचनेचा आराखडा असतो. एक तो दाबून बसवतो, दुसरा तो मध्येच तोडतो.

या लेखात समकालीन अभिजात संगीत म्हणताना मला अभिप्रेत आहे ते नव्याने लिहिलेले, स्वरलिपीत पक्के केलेले, आणि नाच, नाटक किंवा पूजाविधी यांच्या सोबतीला नव्हे तर केवळ ऐकण्यासाठी योजलेले संगीत. त्यातली छोटी रूपे आजची नाहीत. शोपँची 24 प्रिल्यूड्स 1839 साली छापली गेली आणि त्यांतले सातवे अवघ्या 16 बारांचे आहे. (बार म्हणजे इथे मात्रांचे एक घर, गोव्यात हे एकदा स्पष्ट केलेले बरे.) ऑस्ट्रियाच्या अँटोन वेबर्नने 1913 पर्यंत पूर्ण केलेल्या सहा बॅगटेल, म्हणजे चिमुकल्या रचना, मिळून चार मिनिटांच्या आसपास संपतात. त्याने पुढे एका व्याख्यानात सांगितले की त्या लिहिताना बाराही स्वर येऊन गेले की रचना संपली, असे त्याला वाटत असे. हंगेरीच्या ज्यॉर्ज कुर्तागने तर काफ्काच्या वह्या-पत्रांतले तुकडे घेऊन आवाज आणि व्हायोलिन यांच्यासाठी 40 छोट्या रचनांची माळ केली, आणि तिच्यातले काही मणी मिनिटभरही टिकत नाहीत.

आपल्याकडेही तीन-साडेतीन मिनिटांचा कान तयार झालेला होता, तो लाखेच्या तबकडीमुळे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. आपल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. तासभर एक राग उलगडणाऱ्या गवयांनी तबकडीसाठी तासाभराचा ख्याल घाईने गायला नाही. त्यांनी वेगळी निवड केली, मुखड्याला महत्त्व दिले आणि विस्ताराला मुरड घातली. ख्याल शिकलेल्या विद्यार्थ्यांना मी वेबर्नआधी या जुन्या तबकड्या ऐकायला सांगतो, आणि काय गायले याऐवजी काय वगळले याची यादी करायला लावतो.

घटना आणि तिचे क्रियापद

छोट्या रचनेत एकच घटना घडावी. ही घटना कोणती, ते स्वर सुचण्याआधी एका वाक्यात मराठीत लिहून काढावे आणि त्या वाक्यात क्रियापद आहे का ते पाहावे. ‘मांडवीवरची संध्याकाळ’ ही घटना नव्हे. ते चित्राचे नाव झाले, आणि त्यावर कितीही मिनिटांचे गुळमुळीत संगीत लिहिता येते. ‘फेरीबोट धक्क्याला लागते’ ही घटना आहे, कारण त्यात आधीची स्थिती आहे, नंतरची स्थिती आहे आणि मधला तो खडखडाट आहे. घटना बाहेरच्या जगातलीच हवी असेही नाही. ‘दोन वाद्ये वेगवेगळ्या लयींत निघतात आणि एकाच आघातावर भेटतात’ किंवा ‘एक जोरकस स्वर हळूहळू आपली ओळख विसरतो’ ही वाक्येही चालतात. क्रियापदे तीन झाली की रचना पाच मिनिटांची होते, हा माझा अनुभव आहे.

उदाहरण म्हणून मी माझीच व्हायोलिन आणि घुमट (मडक्याला कातडे ताणून केलेले गोव्याचे तालवाद्य) यांच्यासाठी लिहिलेली एक रचना शेवटपर्यंत उलगडून दाखवतो, कारण तिच्यातल्या चुका मला नीट ठाऊक आहेत. मांडो या गोव्याच्या गीतप्रकाराच्या साथीला ही जोडी गोव्यात पूर्वीपासून आहे, त्यामुळे पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ वगैरे भाषा मला या बाबतीत अनावश्यक वाटते. रचनेचा विषय होता पहाटे सायकलवरून येणाऱ्या पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. माझे पहिले वाक्य असे होते: पदेर जवळ येतो, दारात थांबतो, वळणावर दिसेनासा होतो. यात तीन क्रियापदे झाली. चार दिवस त्या वाक्याशी झटापट केल्यावर ते ‘तिसरा भोंगा येत नाही’ एवढेच उरले, आणि त्या क्षणी रचनेचा शेवट सापडला. सुरुवात कशी करायची ते अजून माहीत नव्हते आणि ते माहीत नसणेच योग्य होते. शेवट आधी लिहावा आणि त्याला जेवढी पूर्वतयारी लागते तेवढीच सुरुवात त्याच्या मागे जोडावी.

वेळेचा हिशेब याच टप्प्यावर करावा. लय मिनिटाला 64 मात्रांची धरली आणि बार चार मात्रांचा, तर एक बार पावणेचार सेकंदांचा होतो आणि दीड मिनिटात बरोबर 24 बार मावतात. कागदावर 24 रिकामी घरे आखून भिंतीवर लावावीत. सगळ्यांत तीव्र क्षण कोणत्या घरात येणार त्यावर खूण करावी. तो साधारण दोन तृतीयांश अंतरावर बरा वाटतो. (काही पुस्तके इथे सुवर्ण गुणोत्तराचा दाखला देतात. दीड मिनिटाच्या रचनेत त्याने साधारण एका बाराचाच फरक पडतो.) माझ्या कागदावर ही खूण चौदाव्या घरावर होती.

प्रत्यक्ष रचनेला हात घालण्यापूर्वी एक सराव मात्र प्रत्येकाने करावा: एकाच स्वरावर एक मिनिट लिहावे. सप्तक बदलण्याची मुभा आहे, स्वर बदलण्याची नाही. ज्यॉर्जी लिगेतीने 1951 ते 1953 या काळात लिहिलेल्या 11 पियानो-रचनांच्या संचात पहिली रचना जवळजवळ पूर्णपणे एकाच स्वरावर, वेगवेगळ्या सप्तकांत, चालते आणि अगदी अखेरीस दुसरा स्वर येतो. तो दुसरा स्वर ऐकताना श्रोत्याला दार उघडल्याचा भास होतो, कारण एरवी रचनाकार ज्याची उधळपट्टी करतो ते त्याने शेवटपर्यंत राखून ठेवलेले असते. या सरावातून लय, जोर, लांबी आणि शांतता या चार गोष्टी स्वराच्या आधाराशिवाय हाताळाव्या लागतात. ख्याल शिकलेल्या मुलांना हा सराव जड जातो असे वाटेल, पण उलट घडते. षड्ज लावून बसण्याची सवय असल्याने त्यांना एका स्वरातले बारकावे लवकर ऐकू येतात.

चार स्वर, अर्धवट राग आणि अपुरी तिहाई

दीड मिनिटासाठी किती स्वर घ्यावेत, याचे उत्तर रचनेगणिक बदलेल. नवख्याने चारांवर थांबावे. व्हायोलिनसाठी लिहिताना मी सा म्हणून डी घेतो, कारण मग मोकळ्या चार तारा मंद्र मध्यम, मध्य षड्ज, मध्य पंचम आणि तार ऋषभ अशा लागतात आणि सरगमात विचार करणाऱ्याला हाताखालचा नकाशा ताबडतोब कळतो. भोंग्याच्या रचनेसाठी मी सा, कोमल रे, तीव्र म आणि प हे चार स्वर निवडले. दोन जोड्या, प्रत्येक जोडीत अर्ध्या स्वराचे अंतर. कोमल रे, तीव्र म आणि प एकत्र आले की आपला कान श्री किंवा पूरिया धनाश्री यांच्याकडे धाव घेतो; पण गंधार, धैवत आणि निषाद दिलेच नाहीत, तर तो धावतो आणि पोचत नाही. ही अर्धवट ओळख मला हवी होती. वादनानंतर एका ज्येष्ठ श्रोत्याने मला बाजूला घेऊन विचारले, “सकाळच्या पावाला तिन्हीसांजेचे स्वर कशाला?” त्यांचा कान किती अचूक होता याचेच मला त्या वेळी अप्रूप वाटले.

हिंदुस्थानी संगीतातून आलेल्यांनी इथे एक सावधगिरी बाळगावी. संपूर्ण राग दीड मिनिटात आणू नये. राग हा चलन, वादी-संवादी, न्यास आणि विस्तार यांच्यासकट येतो, आणि एकदा तो ओळखला गेला की श्रोता त्याचा पुढचा भाग मागू लागतो. तो मिळाला नाही की त्याला रचना अपुरी वाटते. रागाचा एक अवयव घ्यावा: एखादी मींड, एखादी स्वरसंगती, एखाद्या स्वरावरचे आंदोलन. चर्चमधल्या संगीतातून आलेल्यांची अडचण निराळी असते. त्यांचा हात आपोआप कॅडेन्सकडे, म्हणजे पंचमाच्या कॉर्डवरून षड्जाच्या कॉर्डवर येऊन ‘आमेन’ म्हणण्याकडे वळतो. तो वळू लागला की शेवटचे दोन कॉर्ड खोडून उरते ते ऐकून पाहावे. बहुतेक वेळा रचना आधीच संपलेली असते.

तिहाई, म्हणजे एकच पल्ला तीनदा वाजवून समेवर येणे, हे आपल्याकडचे सर्वांत हुकमी समाप्तिचिन्ह आहे, आणि म्हणूनच छोट्या रचनेत ते धोक्याचे आहे. तीन पल्ले बरोबर समेवर येऊन पडले की सभागृह टाळ्या वाजवते, आणि त्याआधीच्या मिनिटभरात काय झाले ते कोणाला आठवत नाही. खाप्रूमामा पर्वतकरांसारख्या लयभास्कराच्या गोव्यात तिहाई वापरूच नका असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही; ती वापरावी, पण ऐकणाऱ्याच्या हिशेबाला काहीतरी करायला उरेल अशी वापरावी. माझ्या रचनेत सतराव्या बारापासून दमदार तिहाई सुरू होते. पल्ला पाच मात्रांचा आणि दम, म्हणजे दोन पल्ल्यांमधला विराम, तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेत अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन पंचम, दुसरीपासून चौथीपर्यंत ताणलेला तीव्र मध्यम, आणि पाचवीवर षड्जाचा एक आघात, ज्याला घुमटाची साथ आहे. म्हणजे पहिला पल्ला अठराव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर संपतो, दुसरा विसाव्याच्या पहिल्या मात्रेवर, आणि तिसरा बाविसाव्याच्या पहिल्या मात्रेवर संपायला हवा. पण एकविसाव्या बारात कोणीही काही वाजवत नाही. पावणेचार सेकंद शांतता, आणि बाविसाव्याच्या पहिल्या मात्रेवर, जिथे तिसरा पल्ला येऊन पडला असता नेमका तिथे, घुमटाचा एकच दबका आघात. पदेर वळणापलीकडे गेला आहे. तिहाई ऐकणाऱ्याने मनात पूर्ण केली आहे.

वाजवणाऱ्यांचे हात

पाचव्या मात्रेवरचा तो षड्ज मी आधी नेहमीच्या पिझिकातोने, म्हणजे उजव्या हाताच्या बोटाने तार छेडून, लिहिला होता. पहिल्या तालमीत व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीने कागद बघितला आणि विचारले, “सर, चौथ्या मात्रेपर्यंत गज चालू आहे, पाचवीवर बोटाने छेडायचे, मग मधल्या वेळात हात कुठून आणू?” कागदावर दोन चिन्हे शेजारी-शेजारी सहज बसतात, हाताला मात्र एका कृतीतून दुसरीत जायला वेळ लागतो. उपाय तिनेच सुचवला. तीव्र मध्यम डीच्या तारेवर डाव्या हाताच्या बोटाने दाबलेला असतोच. गज किंचित उचलून तेच बोट तार आडवी ओढत सोडले की मोकळा षड्ज आपोआप वाजतो. डाव्या हाताच्या या पिझिकातोला चिन्ह म्हणून स्वरावर अधिकची एक फुली असते. आवाज थोडा कोरडा येतो, आणि सायकलच्या घंटीच्या दांडीसारखा तो कोरडेपणा मला मूळ कल्पनेपेक्षा आवडला. रचना पूर्ण होण्याआधी वाजवणाऱ्याकडे नेण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

अशा बऱ्याच गोष्टी वेळेच्या हिशेबात आधीच धराव्या लागतात. म्यूट (आवाज दबका करणारी घोडीवरची चाप) लावून सुरुवात केली तर ते काढायला निदान एक पूर्ण बार मोकळा द्यावा; माझ्या रचनेत सहाव्या बारात घुमट एकटा वाजतो तो काव्यात्म कारणासाठी नव्हे, म्यूट काढण्यासाठी. दोन तारा एकदम वाजवायच्या असतील तर त्या शेजारच्या हव्यात आणि दोन्ही स्वर एकाच तारेवर येता कामा नयेत. चौदाव्या बारातल्या तीव्रतम क्षणी मी मोकळ्या तारेवरचा पंचम आणि त्याच्या खालच्या तारेवर दाबलेला तीव्र मध्यम एकत्र घेतले आहेत. अर्ध्या स्वराचे ते घर्षण पूर्ण जोराने वाजवले की भोंग्याचा फाटका आवाज येतो. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यासारखा बारीक, हवेशीर स्वर हवा असेल तर हार्मोनिक लिहावा: डीच्या मोकळ्या तारेवर चौथ्या भागापाशी, म्हणजे जिथे शुद्ध मध्यम लागतो तिथे, बोट नुसते टेकवले की मूळ षड्जाच्या दोन सप्तके वरचा षड्ज ऐकू येतो.

घुमटासाठी लिहिताना आधी वाद्य मांडीवर घेऊन दोन संध्याकाळी घालवाव्यात. मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडे असते आणि विरुद्ध बाजूचे लहान तोंड उघडे. एक हात कातड्यावर आघात करतो आणि दुसरा ते लहान तोंड झाकत-उघडत नादाला आकार देतो. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात, आणि 2019 साली राज्य सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. स्वरलिपीसाठी पाच रेघांची गरज नाही. मी एकच रेघ आखतो आणि तिच्या खाली उघड्या तोंडाचा घुमारा, रेघेवर झाकलेल्या तोंडाचा दबका आघात आणि रेघेच्या वरच्या बाजूला काठाचा टणक आवाज लिहितो. तळवा कातड्यावर घासण्यासाठी नागमोडी रेघ पुरते. आरतीला किंवा सुवारीला (घुमटाच्या समूहवादनाला) वाजवणारे कलाकार बहुधा स्टाफ नोटेशन वाचत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही कमी नाही. त्यांच्यासाठी मी बोलांची एक ओळ खाली देवनागरीत लिहून देतो. बोल त्यांनाच विचारून घ्यावेत, कारण गावोगावी ते थोडे वेगळे ऐकू येतात. एक व्यवहाराची गोष्ट: चतुर्थीच्या दिवसांत त्यांच्याकडे तालमीचा आग्रह धरू नये. त्या दिवसांत त्यांना जेवायला वेळ नसतो, आणि पावसाळी हवेत कातडे सैल पडत असल्याने वाद्यही उन्हाची वाट पाहत असते.

नादाचा लहानमोठेपणा प्रत्येक वाक्यखंडावर स्पष्ट लिहावा. तासाभराच्या रचनेत वादकाला चूक सुधारायला जागा असते, दीड मिनिटाच्या रचनेत पहिलाच स्वर हवा त्यापेक्षा मोठा लागला तर पुढचे सगळे प्रमाण कोलमडते. भोंग्याच्या रचनेत अंतर हाच अर्थ होता: पहिल्या पाच बारांत अतिमंद, नंतर हळूहळू वाढ, चौदा ते सोळा बारांत पूर्ण जोर, पहिल्या पल्ल्यात मध्यम, दुसऱ्यात मंद. ‘भावपूर्ण’ असे शब्द कागदावर लिहू नयेत. वादकाला त्यातून गज कुठे धरायचा ते कळत नाही. ‘घोडीच्या अगदी जवळ’ किंवा ‘पट्टीच्या वर’ असे लिहिले की कळते.

खोडणे आणि शांतता

पहिला खर्डा झाला की तो आठ दिवस दृष्टीआड ठेवावा आणि मग खोडरबर घेऊन बसावे. माझ्या रचनेच्या शेवटच्या दोन बारांत वर सांगितलेला तो हार्मोनिक होता. घुमटाचा आघात विरून गेल्यावर अतितार षड्ज चांदण्यासारखा लटकत राहायचा, आणि मला तो इतका आवडत होता की तालमीत मी तो दोनदा वाजवून घेत असे. तिसऱ्या तालमीला घुमट वाजवणारे काका म्हणाले, “पदेर गेला म्हणता, मग हा कोण परत आला?” मी घरी जाऊन दोन्ही बार कापले. 24 बारांची रचना 22 बारांवर आली, दीड मिनिटाची साडेब्याऐंशी सेकंदांची झाली, आणि शेवट घुमटाच्या हाती राहिला. जे सर्वांत सुंदर वाटते तेच खोडावे, असा नियम मी करणार नाही. मात्र खोडण्याच्या यादीत त्याचे नाव निदान एकदा तरी लिहून पाहावे, आणि ते नसताना घटनेचे वाक्य अजून खरे ठरते का, हे तपासावे.

संगणकावर ऐकून शांततेची लांबी ठरवू नये. स्वरलिपी लिहिण्याचे म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, लिहायला उत्तम आहे आणि नवख्याला तेवढे पुरते. पण संगणकाच्या आवाजात विश्रांतीची जागा मेलेली ऐकू येते, कारण तिथे कोणी श्वास रोखून बसलेले नसते. म्हणून माणूस ती जागा आखडतो किंवा घाबरून तिथे काहीतरी भरतो. खऱ्या खोलीत तीच शांतता दुप्पट बोलते. खोलीही विचारात घ्यावी लागते. जुन्या चर्चच्या उंच छताखाली आघाताचा घुमारा बराच वेळ फिरत राहतो, तिथे दोन सेकंदांची विश्रांती ही विश्रांतीच राहत नाही. देवळाच्या तिन्ही बाजूंनी उघड्या सभामंडपात आवाज लगेच बाहेर निघून जातो आणि त्याच दोन सेकंदांत कावळा ओरडून जातो. शक्य असेल तर जिथे वादन होणार त्या जागी एकदा टाळी वाजवून मनात मात्रा मोजाव्यात आणि मगच लांब विश्रांतीवर अंतिम शिक्कामोर्तब करावे. विश्रांती मोजून लिहायची की फेर्माता (हवे तेवढे थांबण्याचे चिन्ह) देऊन वादकावर सोडायची, याबद्दल माझे मत असे की जिथे श्रोत्याने हिशेब करावा अशी अपेक्षा आहे तिथे ती मोजलेलीच हवी. अपुऱ्या तिहाईत फेर्माता घातला की तिचे कोडे विरघळते.

लिहिलेले जपण्याबद्दल थोडेसे. वर्षानुवर्षे वापरले जाणारे फिनाले हे स्वरलिपीचे सॉफ्टवेअर 2024 साली त्याच्या कंपनीने थांबवले आणि अनेकांच्या जुन्या फायली अडचणीत आल्या. म्हणून प्रत्येक रचनेची एक पीडीएफ आणि एक म्यूझिकएक्सएमएल (स्वरलिपीच्या निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत उघडणारी) प्रत वेगळी काढून ठेवावी.

कार्यक्रमात दीड मिनिटाची एकटी रचना ठेवू नये. वादक येतो, वाद्य लावतो, श्रोते सरसावून बसतात आणि तेवढ्यात ती संपलेली असते. चार-पाच छोट्या रचनांचा संच करावा, आणि त्यात लागोपाठच्या दोन रचनांची घटना, लय आणि पहिला आवाज वेगळा असेल हे पाहावे. दोन रचनांमध्ये किती थांबायचे तेही सेकंदांत लिहावे. कुठल्या दोन रचना न थांबता जोडायच्या, हे ठरवणे ही स्वतंत्र रचनाच आहे, आणि मला ती मूळ लिखाणाहून अवघड वाटते. बार्टोकच्या मिक्रोकॉस्मॉस या पियानो-संग्रहातल्या 153 तुकड्यांतून चार निवडून त्यांचा क्रम लावण्याचा सराव मी विद्यार्थ्यांना देतो. एकही स्वर न लिहिता रचनेचा निम्मा विचार त्यातून होतो.

पहिल्या वादनाला, एका छोट्या सभागृहात, माझा एकविसावा बार दोन कारणांनी वाया गेला. स्वरलिपी दोन पानांवर छापली होती आणि पान नेमके त्याच बारात उलटावे लागले. पावणेचार सेकंदांच्या शांततेत कागदाचा आवाज झाला, त्यापाठोपाठ व्हायोलिन खाली आले, आणि लोकांनी रचना संपली समजून टाळ्या वाजवल्या. घुमटाचा शेवटचा आघात टाळ्यांत बुडाला. काकांनी तो तरीही ठरल्या मात्रेवरच दिला. तेव्हापासून मी छोटी रचना एकाच पानावर बसवतो, त्यासाठी रेघांमधले अंतर कमी करावे लागले तरी चालेल. आघात होऊन तो विरेपर्यंत गज तारांपासून बोटभर वर तसाच धरावा, अशी सूचना वादकासाठी तळाला लिहितो. आणि एकविसाव्या बाराच्या वर मराठीत दोनच शब्द ठळक छापतो: ‘हलू नये’.